झरा, पाणंद आणि काजू: पश्चिम कोल्हापुरातील एका ग्रामपंचायतीने रोजगार हमीची कामे कशी निवडली

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्हा म्हटले की ऊस, गूळ आणि बारमाही नद्यांचे खोरे डोळ्यांसमोर येते. पण शाहूवाडीपासून चंदगडापर्यंत सह्याद्रीच्या कडेने जो पट्टा जातो, त्यातील वाड्यावस्त्यांचे जिणे या चित्रात बसत नाही. गगनबावड्याच्या बाजूला वर्षाकाठी ५,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो, तरी जांभ्या दगडाच्या सड्यांखालच्या (म्हणजे सपाट खडकाळ पठारांखालच्या) वाड्यांत एप्रिल उजाडला की हंडाभर पाण्यासाठी पायपीट सुरू होते. जमीन उताराची, तुकडे लहान, पिके भात, नाचणी आणि वरीची. या भागातील घरे दोन-तीन पिढ्या मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनिऑर्डरींवर उभी राहिली. १९८२च्या संपानंतर गिरण्यांचा आधार तुटला आणि पुढच्या पिढीने पुणे-मुंबईची हॉटेले, सुरक्षारक्षकाची नोकरी किंवा कोल्हापूरच्या एमआयडीसीतील कारखाने धरले. वाड्यांत उरली ती म्हातारी माणसे, स्त्रिया आणि जनावरे.

हे प्रकरण याच पट्ट्यातील एका ग्रुप ग्रामपंचायतीचे आहे. गावाचे, तालुक्याचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही. गावठाण डांबरी रस्त्यावर आहे, दोन वाड्या डोंगराच्या उतारावर आहेत आणि सर्वांत वर, सड्याच्या कडेला, धनगरवाडा आहे.

सरकारी कामांतून मुलूख सावरण्याची कल्पना या मातीला नवी नाही. १८९६-९७च्या दुष्काळात शाहू महाराजांनी संस्थानात कामे काढली आणि कामावर येणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी संगोपनगृहे उघडली. पुढे भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधायला घेतले. शेजारच्या सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातील विसापूर येथे, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ साली जो प्रयोग झाला, त्यातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना वाढली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. रोजगार हमीचा देशव्यापी कायदा (मनरेगा) २००५मध्ये आला. म्हणजे मागेल त्याला काम देण्याचा हक्क या गावाला कागदोपत्री चार दशके होता. त्या हक्काने गावाचे काही बदलले का, हा प्रश्न मात्र २०२०पर्यंत कोणी विचारला नव्हता.

अडचण

२०२०पूर्वी गावात रोजगार हमीची दोन ठळक कामे झाली होती. एक म्हणजे वरच्या वाडीच्या उतारावर खणलेले सलग समतल चर, म्हणजे पाणी अडवून मुरवण्यासाठी उताराला आडवे, एकाच पातळीत काढलेले खंदक, आणि दुसरे म्हणजे ओढ्यावरचा सिमेंट नाला बंधारा. चर दोन पावसाळ्यांत गाळाने भरले. बंधारा उभा राहिला, पण त्याचे पाखे, म्हणजे दोन्ही काठांत शिरणाऱ्या बाजूच्या भिंती, कठीण थरापर्यंत नेलेले नसल्याने पाणी भिंतीला वळसा घालून बाजूने निघून जाऊ लागले. लोकांच्या बोलण्यात रोहयो (रोजगार हमी योजना) म्हणजे खड्डे खणायचे आणि बुजताना बघायचे, असा अर्थ रूढ झाला होता.

दुसरी अडचण मजुरीची होती. एप्रिल २०२०मध्ये योजनेचा महाराष्ट्रातील दर २०६ रुपयांवरून २३८ रुपये झाला, तरी खालच्या ऊसपट्ट्यात किंवा गवंड्याच्या हाताखाली गडी माणसाला त्याहून जास्त मिळत असे. त्यामुळे कोल्हापुरात या योजनेला मागणीच नाही, असे सर्रास म्हटले जाते. हे अर्धेच खरे आहे. गड्यांकडून कामाची मागणी कमी होती. परंतु ज्यांना घर, गोठा आणि लहान मूल सोडून खाली जाता येत नाही अशा स्त्रियांना, आणि ज्यांना आता खालचे काम झेपत नाही अशा वयस्कांना, वाडीत मिळणारे काम हवेच होते. त्यांनी नमुना ४ हा मागणी अर्ज भरून काम मागितले पाहिजे आणि मागणीपासून १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेरोजगार भत्त्याचा हक्क उभा राहतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

मे २०२०मध्ये टाळेबंदीमुळे मुंबई-पुण्याची मुले घरी परतली. शाळेच्या खोल्यांतील विलगीकरणाची मुदत संपली तशी त्यांच्या हाताला काम नव्हते आणि पाऊस तोंडावर आला होता. एरवी रिकामी असलेली जॉबकार्डे एकाएकी बाहेर निघाली. कामाची मागणी आणि कामाला हात, दोन्ही गावात एकाच वेळी जमा होण्याचा हा प्रसंग विरळा होता.

समोर असलेले पर्याय

पहिला आणि सर्वांत सोपा पर्याय पुन्हा समतल चरांचा होता. हे काम शेल्फवर, म्हणजे आधीच मंजूर करून ठेवलेल्या कामांच्या यादीत, तयार होते, अंदाजपत्रकाला मान्यता होती, जवळजवळ सगळा खर्च मजुरीचा होता आणि कोणाच्या जमिनीचा तंटा नव्हता. दुसऱ्या दिवशी हजेरीपत्रक काढता आले असते. योजनेची अंदाजपत्रके आणि मोजमापे पाहणाऱ्या तांत्रिक सहायकाने मात्र याला हरकत घेतली, आणि माझ्या मते या प्रकरणातील पहिले महत्त्वाचे वळण तेच होते. समतल चराची रचना कमी पावसाच्या मुलखासाठी आहे, जिथे पडलेला थेंब अडवून मुरवायचा असतो. जिथे आठवडाभर धो-धो पाऊस कोसळतो आणि मातीचा थर जांभ्यावर हातभरही नसतो, तिथे अडवलेले पाणी वाट सापडेल तिथून फुटते आणि माती बरोबर घेऊन जाते. अशा उतारावर ढाळीचे (हलका उतार दिलेले) बांध घालून जास्तीचे पाणी शिस्तीने ओढ्यापर्यंत नेणे आणि भातखाचरांच्या पडलेल्या दगडी ताली (आधाराचे बांध) उभ्या करणे, हेच मृदसंधारण होय.

दुसरा पर्याय मोठ्या पाझर तलावाचा होता, ज्याचा आग्रह गावठाणातील काही वजनदार मंडळींनी धरला. जागा वनखात्याच्या हद्दीत जात असल्याने १९८०च्या वन संवर्धन कायद्याखाली परवानगी लागली असती, आणि तोवर परतलेली मुले गावात थांबणार नव्हती. हा पर्याय लवकर मागे पडला.

तिसरा पर्याय पाणंदीचा होता. पाणंद म्हणजे शेतांमधून जाणारी वहिवाटीची वाट. गावनकाशात गावठाणापासून वरच्या वाडीपर्यंत आणि पुढे धनगरवाड्याकडे जाणारी पाणंद दाखवलेली आहे. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंचे बांध आत सरकून आणि करवंदीच्या जाळ्या वाढून ती माणूस आणि म्हैस एकामागून एक जातील एवढीच उरली होती. पावसाळ्यात तिचा ओढा होई. आजारी माणसाला डोलीत घालून खाली आणावे लागे. मला जास्त बोलके वाटते ते दुधाचे उदाहरण. वरच्या वाडीत म्हशी होत्या, दूधही होते, पण दूध संस्थेत सकाळचे संकलन संपण्यापूर्वी किटली डोक्यावर घेऊन चिखलातून उतरणे आषाढात जमत नसे. उशीर झाला की दूध नासलेले निघे आणि परत यावे लागे. त्यामुळे त्या चार महिन्यांत दुधाचे तूप करून ते हाताला येईल त्या भावाने विकले जाई. ज्या जिल्ह्याचा दूध संघ १९६३पासून घराघरात दर दहा दिवसांनी दुधाचे बिल पोचवतो, त्याच जिल्ह्यातील ही वाडी केवळ वाटेअभावी त्या बिलाला मुकत होती.

पाणंदीला दोन अडथळे होते. खडी, मुरूम आणि मोऱ्यांचा खर्च कुशल बाबींत धरला जातो आणि योजनेत मजुरी ६० टक्क्यांखाली व साहित्य ४० टक्क्यांवर जाता कामा नये. शिवाय दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांची संमती हवी.

चौथा पर्याय धनगरवाड्यातील बायकांनी मांडला. करोनामुळे ग्रामसभा भरवण्यास मनाई होती, म्हणून वाडीवार लहान बैठका झाल्या, आणि एका दृष्टीने हे पथ्यावर पडले. कारण गावठाणातील ग्रामसभेत या बायका मागच्या ओळीत बसून परत गेल्या असत्या. त्यांचे म्हणणे सरळ होते. रस्ता झाला तर उन्हाळ्यात टँकर येईल, हे त्यांनाही दिसत होते, पण टँकरची वाट बघत बसायची त्यांची इच्छा नव्हती. सड्याखालचा झरा त्यांच्या सासू-सासऱ्यांच्या काळापासून चालत आला होता. तो सांभाळला तर टँकर लागणारच नाही, असे त्यांचे मत होते.

निर्णय आणि कामाचा क्रम

आधी पाणी की आधी रस्ता, यावर दोन बैठका खर्ची पडल्या. अखेर कामांचा क्रम ऋतूंवरून आणि मजूर कोण आहे यावरून ठरला. पावसाला थोडेच दिवस उरले असताना पाणंदीचा ताजा भराव घातला असता तर तो वाहून गेला असता. म्हणून मे-जून २०२०मध्ये झऱ्याचे काम आणि ताली बांधण्याचे काम घ्यायचे, भाताची सुगी आटोपल्यावर पाणंदीचे मातीकाम करायचे, रस्ता वाहता झाल्यावर योजनेतील फळबागेच्या लाभातून उताराच्या पडीक जमिनीत काजू लावायचा, आणि खडीकरण मजुरीचे प्रमाण पुरेसे जमल्यावर शेवटी करायचे, असे ठरले. पाणंद व झऱ्याची कामे मूळ आराखड्यात नव्हती. ती पुरवणी आराखड्यात घेण्यासाठी मासिक सभेचा ठराव झाला.

झऱ्याच्या बाबतीत एक धोका वेळीच टळला. काहींना झऱ्याचे तोंड सुरुंगाने मोठे करायचे होते. सड्यावर पडलेले पाणी जांभ्याच्या भेगांतून खाली झिरपते आणि खालच्या चिकणमातीच्या थराला टेकले की आडवे सरकून उतारावर बाहेर पडते. तो थर फुटला तर झरा खाली उतरतो आणि कायमचा हातचा जातो. भूवैज्ञानिकाचा सल्ला घेऊन तोंडाला हात न लावता समोर छोटी बंदिस्त टाकी बांधली, वरच्या सड्याचा भाग दगड काढण्यासाठी आणि गवत जाळण्यासाठी बंद केला आणि उताराच्या जोरावर पाणी धनगरवाड्यात आणले. पाइपचा खर्च १५व्या वित्त आयोगाच्या निधीतील फक्त पाण्यासारख्या ठरावीक कामांवरच खर्चता येणाऱ्या (बंधित) भागातून भागवला.

पहिल्याच आठवड्यात मजुरीचा प्रश्न उभा राहिला. मजुरी मोजमापावर निघते. अंदाजपत्रकात माती आणि मऊ मुरूम धरला होता, तर पहार मारावी तिथे जांभा लागत होता. दिवसभर राबूनही बायकांच्या गटाचे मोजमाप कमी भरले आणि मजुरी दरापेक्षा खाली आली. इथेच काम बंद पडले असते. तांत्रिक सहायकाने पाच ठिकाणी चाचणी खड्डे घेतले, थरांची नोंद फोटोंसह केली आणि सुधारित अंदाजपत्रक मंजूर करून आणले. कामावर येणारी लहान मुले पाचांहून अधिक असल्याने त्यांना सांभाळण्यासाठी गटातील एका वयस्क बाईला हजेरीवर घेतले. कायद्यात ही तरतूद आहे. तालुक्यात ती वापरली जाताना मी फारशी पाहिलेली नाही. तिच्यामुळेच तान्ह्या मुलांच्या आया कामावर टिकल्या.

पाणंदीचा तंटा

पाणंदीचे काम जानेवारी २०२१मध्ये सुरू व्हायचे होते. मधल्या टप्प्यावरील एका शेतकऱ्याने संमतीपत्रावर सही करण्यास नकार दिला. त्याने बांध आत सारला होता हे सर्वांना माहीत असल्यामुळे तो अतिक्रमण वाचवतो आहे, असा समज झाला. तहसीलदारांकडे जाण्याचा मार्ग मोकळा होता. वहिवाटीचा रस्ता अडवल्यास १९०६च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली अडथळा दूर करवून घेता येतो. काही सदस्यांना हेच करायचे होते. उपसरपंच बाईंनी त्यांना थांबवले आणि मंडळींना घेऊन त्या शेतावर गेल्या.

तिथे जे समजले ते महत्त्वाचे होते. पावसाळ्यात वरचे सगळे पाणी पाणंदीतूनच वाहते. भराव घालून पाणंद उंच केली की ते पाणी त्याच्या खाचरात शिरून रोप कुजणार, ही त्याची धास्ती होती. म्हणजे वाद जमिनीचा दिसत असला तरी मुळात पाण्याचा होता. त्याच्या बांधाला लागून दगडी गटार काढायचे आणि वळणावर मोरी घालून पाणी थेट ओढ्यात सोडायचे, असे नकाशावर आखून दिले. मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंनी सारखी जमीन सोडायची, हे तत्त्व सर्वांना लावले. त्याने सही केली, पंचनामा झाला आणि मे अखेरीपर्यंत मातीकाम, दबाई आणि गटारे पूर्ण झाली. गटाराचे काम अंदाजपत्रकातून सर्वांत आधी कापले जाते, हा नेहमीचा अनुभव आहे. इथे ते संमतीची अट म्हणून टिकले आणि पुढे त्यानेच रस्ता वाचवला.

जुलै २०२१ची परीक्षा

जुलै २०२१च्या अतिवृष्टीत जिल्ह्याच्या पश्चिमेला अनेक ठिकाणी दरडी कोसळल्या आणि खाली पंचगंगेला महापूर आला. पाणंदीचा बहुतेक भाग शाबूत राहिला. वळणावरची मोरी मात्र त्या पाण्याला अपुरी पडली आणि तिच्या वरच्या अंगाचा भराव वाहून गेला. जुन्या चरांच्या उतारावरून मातीचा एक पट्टा घसरून खालच्या खाचरांत आला. एवढ्यावरून चरांमुळेच घसरण झाली असे ठामपणे म्हणता येणार नाही, परंतु शेजारच्या ताली बांधलेल्या उतारावर तसे घडले नाही, ही नोंद करणे भाग आहे.

मोरी दुरुस्तीला योजनेतून लगेच पैसे मिळेनात, कारण काम पूर्ण झाल्याचा दाखला निघालेला होता. दोन्ही वाड्यांनी गणपतीपूर्वी श्रमदान करून तात्पुरती वाट केली. नोव्हेंबर २०२१मध्ये राज्य शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली आणि तिच्यातून पुढे खडीकरण झाले. मजुरीप्रधान कामे आधी झालेली असल्याने ६०:४०चे गणित जुळवताना अडचण आली नाही. क्रम उलटा असता तर हाच रस्ता खडीअभावी अडून बसला असता.

काय निष्पन्न झाले

परतलेली बहुतेक मुले टाळेबंदी उठल्यावर पुन्हा शहरात गेली. सरकारी कामाने स्थलांतर थांबले, असे लिहिणे खोटेपणाचे होईल. जी थोडी थांबली, ती रोहयोच्या मजुरीवर थांबली नाहीत. दुधाची गाडी वरच्या वाडीच्या पायथ्याशी येऊ लागल्यामुळे थांबली. संस्थेने तिथे संकलनाची वेळ लावून दिली, पावसाळ्यातही दूध जाऊ लागले आणि काही घरांनी म्हैस वाढवली. मजुरीचा पैसा उशिरा येतो आणि काम संपले की थांबतो, तर दुधाचे बिल दर दहा दिवसांनी येत राहते. सरकारी कामाने गावाला काय दिले हे मोजायचे तर मनुष्यदिवसांच्या आकड्याआधी या बिलाची नोंद पाहिली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

काजूचे चित्र संमिश्र आहे. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ची कलमे उताराच्या पडीक जमिनीत लावली. गव्यांनी काही मोडली, एका वणव्यात काही होरपळली. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीचे अनुदान जिवंत झाडांच्या प्रमाणावर अवलंबून असल्याने ज्यांची झाडे गेली त्यांचे हप्तेही गेले. ज्यांनी वणवा पसरू नये म्हणून जाळपट्टे काढले आणि आळीपाळीने राखण केली त्यांच्या झाडांना बी धरू लागली आहे, आणि आजरा-चंदगडच्या कारखान्यांसाठी खरेदी करणारे व्यापारी रस्त्यामुळे वाडीपर्यंत येतात.

झऱ्याचे पाणी आजवर उन्हाळाभर पुरले आहे.

जानेवारी २०२३पासून हजेरी मोबाइल ॲपवर दिवसातून दोनदा फोटो काढून नोंदवणे सक्तीचे झाले. सड्याच्या कडेला मोबाइलला रेंज नसते. काम करूनही हजेरी न चढल्याचे प्रसंग आले आणि धनगरवाड्यातील बायकांची कामाची मागणी ओसरली. योजनेची सर्वांत जास्त गरज असलेल्या माणसांवरच या अटीचा भार पडला, हे मला अत्यंत अन्यायाचे वाटते. खोटी हजेरी रोखायची तर रेंज नसलेल्या ठिकाणी वहीतील हजेरी आणि गटाच्या सह्या ग्राह्य धरता येतील.

वेगळे काय करता आले असते

मोरीचा आकार कागदावरील सरासरी पावसावरून न ठरवता, ओढ्याच्या पाण्याची सर्वांत वरची खूण वाडीतील जुन्या माणसांकडून विचारून ठरवायला हवा होता. ती खूण सर्वांना ठाऊक होती. अंदाजपत्रकाच्या नमुन्यात ती भरायला रकाना नव्हता एवढेच.

देखभालीची जबाबदारी काम सुरू होण्यापूर्वी नेमून द्यायला हवी होती. वळवाच्या पहिल्या सरीआधी गटारे उपसणे आणि झऱ्याच्या टाकीतील गाळ काढणे ही फार तर चार माणसांची दोन दिवसांची कामे आहेत, पण ती कोणाची हे ठरले नाही तर पाच वर्षांत जुन्या बंधाऱ्याची गत होते. ग्रामपंचायतीने आता अंदाजपत्रकात यासाठी लहानशी तरतूद ठेवली आहे. ती पहिल्याच वर्षी ठेवता आली असती.

सर्वांत मोठी उणीव मात्र वेगळी आहे. पाणंदीमुळे वाढला तो जमीन असलेल्यांच्या मालाचा भाव, आणि काजू लागला तो ज्यांच्या नावे सातबारा आहे त्यांच्या शेतात. धनगरवाड्यातील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेली जमीन वनखात्याच्या किंवा दुसऱ्याच्या नावे आहे. त्यांनी झऱ्याच्या आणि रस्त्याच्या कामावर सर्वांत जास्त दिवस घाम गाळला, पाणी मिळवले, पण उत्पन्न देणारी मालमत्ता त्यांच्या वाट्याला आली नाही. २००६च्या वनहक्क कायद्याखाली वैयक्तिक व सामूहिक दावे आधी दाखल करून घेतले असते, तर जमीन सपाटीकरण आणि फळबाग या लाभांसाठी हीच कुटुंबे पात्र ठरली असती, कारण वनहक्कधारकांना योजनेत प्राधान्य आहे. ते दावे आता भरले जात आहेत. पुढच्या आराखड्यात गावठाण हद्दीतील जागेवर शेळ्या-मेंढ्यांसाठी सामाईक निवारा आणि पाण्याचे टाके ही दोन कामे धनगरवाड्यातील बायकांनी सुचवली आहेत. मोठ्या मोरीबरोबर त्यांना पहिल्या वर्षात जागा द्यायची की नाही, यावर येत्या ग्रामसभेत मत घेतले जाणार आहे.